अर्धा ग्रॅम

हळदीच्या स्टीलच्या डब्यातून माती घेऊन आली
अक्काताई मगदूम, हुपरीहून, सकाळच्या पहिल्या एसटीनं.
"परड्यातली हाय. डाक लावायची भट्टी हुती तिथं, बारा वर्सं.
आता अळू लावलंय. काय घावतंय का बघा की."

म्हटलं, डबा चालत नाही, मावशी.
स्टीललाही स्वतःचं म्हणणं असतं.
मीच येते.

गेले. हातात प्लास्टिकची खुरपी.
नागमोडी चालत पंधरा ठिकाणी, वीतभर खोल.
तिच्या सुनेला वाटलं, माझं काहीतरी पडलंय.
ताडपत्रीवर ढीग केला, चार वाटे केले,
समोरासमोरचे दोन टाकले, दोन ठेवले,
पुन्हा ढीग, पुन्हा चार वाटे,
भाऊबंदकीत जमीन फुटते तसे,
फक्त इथं कुणी मोजणीला हरकत घेतली नाही.
उरली अर्धा किलो.

चार दिवस सावलीत वाळवली.
उद्यमनगरातली काजळी खिडकीतून येते,
म्हणून वरून कागद.
मग नायलॉनची चाळणी.
चाळताना मनगट आपसूक वळलं
आणि बाप आठवला.

बाप झारेकरी.
चांदीच्या कारखान्यांचा केर विकत घ्यायचा,
त्यांची पायपुसणी जाळायचा, गटार उपसायचा,
आणि घमेल्यात पाणी फिरवत बसायचा
तळाशी एक करडी रेघ उजळेपर्यंत.
घाई केली, म्हणायचा, की चांदी पाण्याबरोबर पळते.

मी अर्धा ग्रॅम घेते.
तीन भाग हायड्रोक्लोरिक, एक भाग नायट्रिक.
अम्लराज.
धुराड्याखाली तांबूस वाफ, काच खाली ओढलेली.
शेजारच्या नळीत माती नाहीच, नुसतं आम्ल.
तिलाही तेवढाच वेळ, तेवढीच आच,
माझी घाण मातीच्या माथी जाऊ नये म्हणून.

गार करून पाणी घातलं, तर तळाशी पांढरं,
नासलेल्या दुधासारखं.
चांदी. ती अम्लराजाला शरण जात नाही.
गाळणकागदावर अडून बसली,
आणि खाली उतरलं ते नितळ,
ओंजळीनं प्यावं असं.

ते नितळ ज्योतीत ओढलं.
कॅडमियमचा दिवा, दोनशे अठ्ठावीस पूर्णांक आठ नॅनोमीटर,
म्हणजे डोळ्याला न दिसणारा उजेड.
नुसतं आम्ल : शून्य.
माती : शून्य पूर्णांक अकरा.
पन्नास मिलिलिटर, अर्धा ग्रॅम, म्हणून गुणिले शंभर.
अकरा.
डाक लवकर पळावी म्हणून तिच्यात घालायचे, ते हे.
दुसरी नळी लावली. तिसरी लावली.
अकरा.

अळवात किती चढलं, ते या आकड्यात नाही.
त्यासाठी पान आणायचं, धुवायचं, वाळवायचं,
सगळं पुन्हा पहिल्यापासून.

फोन लावला.
"चांदी घावली का?" तिनं आधी तेच विचारलं.
"आहे," मी म्हटलं, "थोडी."
पलीकडे ती सुनेला हाक मारून सांगू लागली,
"म्हटलं नव्हतं का गं मी!"
मी फोन कानाला लावून थांबले,
तिचं हसू पुरतं होईपर्यंत.

खिडकीतला गाळणकागद तोवर उन्हानं
जांभळा पडत चालला होता,
अळवाच्या देठासारखा.