आठवी ओळ

काउंटरवरचा बोर्ड मीच लिहिलाय.
वर कन्नड, खाली इंग्लिश: रोख घेत नाही.
मराठीला जागा उरली नव्हती.
मालक म्हणाले, कशाला उगाच, नोटीस येईल.
म्हणून मराठीत ते तोंडाने सांगायचं काम माझं,
दिवसातून तीस-चाळीस वेळा,
टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ,
काचेच्या दाराआड.

होनगेकर काका आले तेव्हा चार वाजले होते.
खाकी सुटून अकरा वर्षं झाली,
तरी चालताना डावा हात अजून कमरेशी,
जिथे कातडी बॅग असायची.
एक कॉफी, दोन खारी.
प्यायले, बशीतलं सांडलेलंही प्यायले,
आणि शंभराची नोट लांबट घडी घालून
दोन बोटांच्या बेचक्यात धरून पुढे केली,
कंडक्टर धरतात तशी.

काका, रोख घेत नाही.
"फाटकी हाय?"
नाही.
"खोटी हाय?"
नाही ओ. बोर्ड बघा की.
बघितला त्यांनी. अक्षर लावून, दोन्ही भाषांत.
"हे आधी सांगितली असतीस
तर गेटावर चहा घेतलो असतो, बाळ.
आता पोटात गेली. आता हे देणं झालं.
देणं फेडायला आलेल्याला
नको म्हणायचं कुठल्या कायद्यात लिहिलंय?"

मला कुठे माहीत.
बी.कॉम.ला होतं, कायदेशीर चलन, दोन गुणांना.
सौद्याआधी दुकानदार अट घालू शकतो
असं काहीतरी सर सांगत होते
आणि सौद्यानंतर काय, तिथे बेल झाली.

रांगेतले हात फोन घेऊन वर झालेले.
पेटी बोलत होती, बाईच्या आवाजात,
कुणाकडेही न बघता:
एंबत्तु रूपायि.
नूरा इप्पत्तु रूपायि.

काकांनी नोट उलगडली, काउंटरवर पसरली.
"मोज. पंधरा ओळी हायत.
चौथी कन्नड. आठवी आपली.
मध्ये तिघीच बसल्यात.
निपाणी, संकेश्वर, खानापूर, सगळे डेपो केलो मी.
पाट्यांना काळं बघितलो, गाडीची काच फुटलेली बघितलो.
ह्या एका बाकावर मात्र
कुणी कुणाला ऊठ म्हटलेलं नाही."

मागचा एकजण म्हणाला, अंकल, मी स्कॅन करू का?
काका वळलेसुद्धा नाहीत.
मग उगाच हसले, बशीकडे बघत.

"मीपण नाही म्हटलोय एकदा.
कणकुंबीची गाडी. दहाची नोट, मधोमध फाटलेली,
भाताच्या शितानं चिकटवलेली.
बाई म्हणाली, एवढीच हाय.
मी घंटी मारलो.
जांबोटीच्या पुढं, रानात, दुपारी उतरवलो तिला.
कडेवर पोर होतं का नव्हतं
ते आठवत नाही आता.
म्हणजे आठवायचं नाही, बघ."

मी माझ्या फोनवरून भरले.
पेटी म्हणाली, तोंबत्तु रूपायि,
आणि मालकांच्या हिशोबात रोख आलीच नाही.
नोट मला. वरचे दहा काकांचे.
पर्समध्ये दहाचं एक नाणं होतं,
आमच्या गावात कुणी घेत नाही ते, का ते कुणी सांगत नाही.
काढायला लाज वाटली.
"लिहून दे की मागं," काका म्हणाले,
"आम्ही तिकिटावर द्यायचो तसं."
बिलाच्या पाठीवर लिहिलं: दहा रुपये बाकी.
दिवसभरात मराठीत लिहिलेलं तेवढंच.
त्यांनी ते वाचलं, घडी घातली, लांबट,
आणि नोट होती त्या खिशात ठेवलं.

नऊ दिवस झाले.
शंभराची ती नोट फोनच्या मागे आहे, कव्हरच्या आत,
फोन तापला की तीही तापते.
बोर्ड तसाच आहे.
काचेचं दार ढकललं गेलं
की मी आधी डावा हात बघते.