पावती क्रमांक दोनशे चौदा

दुपारी दीड वाजता दुकान उघडं.
पायरीवरच थबकले.
खांबेट्यांच्या काळात या वेळी
शटरला कुलूप, आणि कुलपाखाली पाटी:
'वाजवू नये.'

आत सगळं होतं तिथंच, पण उजेडात.
पिवळा बल्ब गेला,
त्याच्यासोबत पेनांचं वयही गेलं थोडं.
भिंतीवर एक चौकोन बाकी रंगाहून पांढरा,
तिथे लिहिलेलं असायचं,
'पेन तोंडात धरणाऱ्यांनी पुढच्या दुकानात जावे.'

काउंटरमागे तिशीची मुलगी,
डोळ्याला घड्याळजीचं भिंग, बोटं जांभळी.
तस्नीम. बोहरी आळीतली, वडलांचं नटबोल्टचं दुकान.
"आटे सगळीकडे सारखेच, मावशी."
मला मावशी म्हटलेलं चालत नाही.
चाललं.

पावती पुढे केली. तीन वर्षांची, घडीवर फाटलेली.
'काळं एबोनाइट. गळतं. रु. ४०.'
तेव्हा टाकून गेले, मग गुडघ्याचं ऑपरेशन,
मग कानावर आलं, दुकान विकलं.
पेन गेलं असं धरून चालले होते,
जसं आपण बरंच काही धरून चालतो.

तिनं फळीवरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला.
आत पाकिटं, रबरानं बांधलेली.
"दुकानाबरोबर आलेत. एकशे एकोणीस.
खरेदीखतात लिहून घेतलंय काकांनी,
ज्याचं त्याला द्यायचं,
कुणी नाही आलं तरी विकायचं नाही."

बत्तीस वर्षं मी नक्कल विभागात काढली.
विहिरीतला सहावा हिस्सा उतरवलाय,
आंब्याच्या एका झाडाचा अर्धा,
बैलगाडी वळवण्यापुरता हक्क.
हे कलम नव्हतं पाहिलं.

तिनं जीभ कोमट पाण्यात सोडली,
सुकलेली शाई धाग्यासारखी उलगडत गेली.
निबेच्या फटीतून पितळेचा पातळ पत्रा ओढला,
उजेडात धरून बघितलं.
"डावीकडे दाबता तुम्ही. घासून सरळ करू?"
नको म्हटलं. तेवढी तिरकी माझी आहे.

"लिहून बघा."
पॅड पुढे.

इथे लोक सह्याच करतात. पेन आवडो, न आवडो.
खांबेटे रोज रात्री ते पान फाडायचे,
तुकडे उरलेल्या चहात भिजवायचे.
लोकांची मालमत्ता आहे ती, म्हणायचे.
आजच्या पानावर सह्या, इंग्रजी आठ, कुणाचा तरी मोर,
आणि वरच्या कोपऱ्यात
श्री.

ती वेलांटी. पुढे जाता जाता मागे वळून बघणारी.
फक्त आता तिच्या काठावर
काटा आल्यासारखी थरथर.

मी तस्नीमकडे पाहिलं.
"मंगळवारी येतात. गिऱ्हाईक म्हणून.
एक पेन निवडतात, दहा रुपये कमी करा म्हणतात,
मी नाही म्हणते,
मग खूश होऊन रिकाम्या हातानं जातात."

पेन टेकवलं. काय लिहावं सुचेना.
जन्मभर दुसऱ्याचंच लिहिलेलं.
मग हातानंच लिहिलं, मला न विचारता,
श्रीच्या बरोबर खाली:
अस्सलबरहुकूम नक्कल.
शाई सलग आली. 'क्क'ला जरा अडखळली,
पण तिथे मीही अडखळायचे,
साहेब समोर असले की.

"किती झाले?"
"चाळीस."
"अगं, तीन वर्षं झाली."
"मग? पावती आहे ना तुमच्याकडे."

जिना असल्यासारखी सावकाश पायरी उतरले,
मग परत फिरून विचारलं,
मंगळवारी किती वाजता?
"दीडला. बरोब्बर दीडला."

घरी येऊन बघते तर मधल्या बोटाला निळा ठिपका.
गळतंय अजून. अगदी थोडं.
एखादीनं चिंधी गुंडाळून चालवून घेतलं असतं.
मी पावती शोधतेय.