धागा तुटल्याची खूण

गुरसिद्धच्या गिरणीत परवा सांगितलं,
पीठ नको, कण्या पाड.
त्यानं पाट्याचा चाप ढिला केला.
दोन किलो मालदांडी भरड होऊन
डब्यात पडली, हाताला गरम.
"घरी कोण आजारी आहे, मामा?"
कण्या म्हटलं की लोक आधी हेच विचारतात.

रात्री पाखडल्या. म्हणजे मी पाखडल्या,
अर्ध्या सुपात, अर्ध्या फरशीवर.
पाण्यात घातल्यावर कोंडा वर आला,
तो ओतताना मूठभर कण्याही मोरीत गेल्या.
भूदेवीनं बघितलं. बोलली नाही.
जबड्यातली गाठ काढलीय, आत टाके आहेत,
तोंड दोन बोटांपुरतं उघडतं.
डॉक्टर म्हणाले, महिनाभर बोलणं कमी, भाकरी बंद.
सोलापुरात एखाद्या बाईला
भाकरी बंद म्हणून सांगणं म्हणजे काय,
ते डॉक्टर पुण्याचे, त्यांना काय की.
हिच्या भाकरी डब्यात उभ्या राहायच्या,
आणि सायकलवर खड्ड्यात वाजायच्या.

पहाटे पाच. आज पाण्याचा दिवस,
पाच दिवसांनी नळ आलाय.
गल्लीभर घागरींचा गोंधळ असणार.
असणार, कारण मला ऐकू येत नाही.
एकतीस वर्षं टॉवेलच्या मागांवर काढली,
डावा कान तिथंच राहिला, उजवा अर्धा घरी आणला.

एक वाटी कण्या, चार वाट्या पाणी.
उकळी आली की धार सोडायची
आणि पळी थांबवायची नाही.
एवढं मला माहीत होतं.
तरी मी मिसरीची डबी शोधायला वळलो,
आणि मागं वळून बघतो तर
ती विड्यांचं सूप मांडीवरून बाजूला सारून
दोन बोटं चिमटून हवेत झटकतेय.

धागा तुटला!

शेडमधली खूण.
लग्नानंतर ती तिथंच कांड्या भरायची,
त्या खडखडाटात कोण कुणाला हाक मारणार?
चिमूट झटकली की धागा तुटला.
तळहात आडवा की माग बंद.
बोट हवेत गोल फिरलं की चालू दे.
पहिल्या वर्षी आम्ही संसार असाच बोललो,
रात्री घरी येऊन काय बोलायचं ते सुचायचं नाही.
नंतर ती विड्यांकडे गेली, मुलं झाली,
तोंडानं बोलायची सवय लागली,
म्हणजे भांडायची.

पळी घातली. तळाशी गाठी.
माग मध्येच थांबला की कापडात पट्टी पडते,
ती धुतल्यानं जात नाही.
गाठी मात्र पळीच्या पाठीनं चेपल्या की जातात,
बऱ्याचशा.
तळहात आडवा: गॅस कमी.
बोट गोल: ढवळ.
बोट गोल. बोट गोल.
माझा दंड भरून आला, तिचं बोट थकेना.

कलावती बिराजदारांनी ताक पाठवलं होतं, तांब्याभर, आंबट.
ते घालायच्या आधी तिनं आडवा तळहात
दोनदा दाखवला. गॅस बंद केला, मग ओतलं.
फाटलं नाही.
कण्या फुलल्या, मऊ झाल्या,
पळीवरून सायीसारख्या सरकायला लागल्या.
आमच्यात याला गटका म्हणतात, घट्ट केला तर.
हा गटका नव्हता, आणि आंबीलही नव्हती.
मधलं काहीतरी होतं, माझं.

तिनं चमचा तिरका धरून
ओठांच्या फटीतून आत सारला.
डोळे मिटले. गिळलं.
पुन्हा एक. पुन्हा एक.
वाटी संपेपर्यंत मी पातेल्याला हात लावला नाही.
नंतर तळाची खरवड मी खाल्ली,
तेव्हा कळलं,

मीठच नव्हतं.

तिच्याकडं बघितलं.
सूप परत मांडीवर, पानावर कात्री,
खाली मान.
मिठासाठी आमच्या शेडमध्ये खूणच नव्हती.
मी मिठाची बरणी उचलून दाखवली,
उद्या, असं.

तिनं कात्री ठेवली नाही.
कात्रीसकट बोट हवेत गोल फिरवलं.