दोन सूत

टिंबर मार्केटमागच्या बोळात
हमीद खरादींनी काठी काचेवर ठेवली आणि ढकलली.
सरळ असती तर नुसती सरसरत गेली असती.
ही गेली लंगडत,
दर वळशाला मधोमध उचलत,
पोटाखाली उजेडाची फट उघडत, मिटत.
"दोन सूत," ते म्हणाले.

मी लगेच कबुली द्यायला लागले
चौकीत आणून बसवल्यासारखी:
नऊ वर्षं कपाटामागे उभी होती, भिंतीला टेकून.
भिंतीपलीकडे न्हाणीघर.
त्याआधी आई हिनंच ओली लुगडी चढवायची
उंच वलणीवर,
नऊवारी, पिळूनही तांब्याभर पाणी धरून ठेवणारी,
आणि बाबा बघत बसायचे.
बोलायचे नाहीत.

बाबा कॅम्पातल्या एका क्लबात मार्कर.
तीस वर्षं दुसऱ्यांचे गुण मोजले,
दुसऱ्यांच्या क्यूंना खडू लावून दिला.
नाव मार्तंड. पण रेडिओवर कुणी "मार्क" म्हटलं
तरी घरात उठून उभे राहत.
खिशाच्या कडेला निळी पूड, धुतली तरी तिथंच.
एखादा मेंबर हरला आणि क्यू डोळ्यासमोर धरून
वाकडी आहे म्हणाला, की बाबा
"हो साहेब" म्हणून दुसरी आणून देत.
रात्री भाकरी मोडताना आम्हाला सांगत:
नाचता येईना.
पुढचं आम्ही पोरं ओरडून पुरं करायचो.

ही त्यांना सेठना साहेबांनी दिलेली.
क्लब रिकामा झाला की
दिवे घालवायच्या आधी ते एकटेच खेळत म्हणे.
आमच्यापैकी कुणी पाहिलं नाही.

"रंधा मारणार नाही," खरादी सांगत होते,
"सरळ होईल, पण निम्मी राहील.
शेंड्याला सुतळी, बुडाला अडीच किलोचं माप,
आढ्याला टांगतो. दोन महिने धरून चाला.
आणि तरी लाकूड आहे बाई, विलायती असलं म्हणून काय.
मनात आलं तर जाईल परत."

बोलता बोलता त्यांचा अंगठा थांबला
बुडाजवळ, काळं लाकूड संपतं तिथं.
चष्मा कपाळावर सारला.
नखाएवढी खाच,
कानशीनं केलेली, मग वर्षानुवर्षं बोटानं गुळगुळीत.
"ही वर धरा. आता बघा."

मी खाच वर धरली.
पोट खाली गेलं, आणि वरून पाहताना
काठी शेंड्यापर्यंत ओळंब्यासारखी.

"लुगड्यांनी नाही वाकली ही,"
ते म्हणाले. "वाकडी होती, म्हणूनच कुणी दिली असेल."

बाहेर ट्रकमधून सागाचे ओंडके उतरत होते,
एकेक पडला की दुकानातली काच थरथरायची.
आई असती तर फोन केला असता:
तुझ्यावरचा आरोप मागे घेतला.

"मग, टांगू?"

मी म्हटलं, नुसतं टोकाचं चामडं बदला.
साठ रुपये झाले.
त्यांनी सुट्टे परत देताना
काठीकडे पुन्हा एकदा पाहिलं, जरा नाराजीनं,
गिऱ्हाईक गेल्यासारखं.

रविवारी कर्वेनगरात, एका जिमखालच्या तळघरात,
तासाला दीडशे, चपला बाहेर काढायच्या नाहीत,
त्रेपन्नाव्या वर्षी, पदर खोचून
मी पहिल्यांदा टेबलावर वाकले.
लाल चेंडू भोकाच्या ओठाला लागून परत आला.
दुसऱ्यांदा पांढराच आत गेला.

शेजारच्या टेबलावरचा मुलगा, कानात बोळे,
बराच वेळ गप्प राहून अदबीनं म्हणाला,
"काकू, तुमची स्टिक वाकडी आहे.
तिकडची घ्या ना."

नाही रे, म्हटलं.
मलाच नाचता येत नाही.

"काय?" त्यानं एक बोळा काढला.

मी टोकाला खडू लावला,
अंगठ्यानं खाच शोधली,
वर घेतली.