खाल्ल्या मिठाला

त्रुहियोच्या या तळघराला खिडकी नाही.
आत शिरण्याआधी दोमितिला उआमानचुमो
बोटातली अंगठी काढते, घड्याळ काढते,
गळ्यातला क्रूस ब्लाउजच्या आत ढकलते.
म्हणते, मडक्याला देवही घासता कामा नये.

मला पहिल्या दिवशी तिनं एवढंच शिकवलं:
कान धरून उचलायचं नाही.
पोराला उचलतो का आपण तसं?
एक हात बुडाखाली, एक पोटाला,
आणि पाऊल टाकण्याआधी बघून घ्यायचं
ठेवायची जागा रिकामी आहे ना.

गोल बुडाच्या भांड्यांखाली कापडाच्या चुंबळी,
तिनंच शिवलेल्या.
एका डोळ्यानं आंधळा माणूस, दीड हजार वर्षांचा,
एक समुद्रसिंह, एक भुईमुगाची शेंग,
एक बाळंत होणारी बाई.
प्रत्येकाच्या कमरेला नायलॉनचा दोरा, मागच्या कडीला बांधलेला.
गुंडाळी वडिलांनी जाळ्यासाठी आणली होती.
जाळं विणायचं राहून गेलं.

मडक्यांना घाम येतो, मिठाचा.
समुद्राशेजारी वाळूत इतकी वर्षं निजलेली,
आता वर आली तर
आतलं मीठ कातडी सोलत बाहेर पडतं.
रंगाचे पापुद्रे ती चिमट्यानं उचलते,
डबीत ठेवते, डबीवर नंबर घालते.

म्हणून शुद्ध पाण्याचा टब.
पाणी रोज बदलायचं, खारेपणाचा आकडा वहीत.
आंधळ्या माणसाचा आज तेविसावा दिवस.
आकडा हटत नाही.
खाल्ल्या मिठाला जागणारं असं कुणी
मी माणसांत पाहिलेलं नाही.

मंगळवारी रात्री दोनला जमीन हलली.
सकाळी कुलूप काढून, दिवा न लावता
ती दारातच थांबली, वास घेत.
ताज्या फुटलेल्या मातीला वास असतो म्हणे.
नव्हता.
फक्त समुद्रसिंह दोऱ्यात तिरका लटकलेला,
गळाला लागल्यासारखा.
तिनं त्याला सरळ बसवलं
आणि एक ठेवणीतली शिवी दिली.

घरी तिची सुरई फुटली होती.
बाजारातली, आठ सोलची.
तुकडे? मी विचारलं.
केराच्या गाडीत.
मग बऱ्याच वेळानं म्हणाली,
एक ठेवलाय. कानाचा.

टबातलं पाणी बदलायची वेळ झाली.
जुनं ओतून देण्याआधी
तिनं बोट बुडवलं
आणि माझी पाठ आहे असं समजून
जिभेला लावलं.