बाविसावी मोटर

मेकोसाबागेत डिसेंबर उतरला
की माझ्या दुकानाकडे कुणी मान वळवत नाही.
बावीस कूलर भिंतीकडे तोंड करून उभे,
शिक्षा झालेल्या पोरांसारखे.
वाळ्याचे गठ्ठे अजून वास सोडतात,
मे महिन्यातली उधारी आठवल्यासारखे.

रोज नऊला शटर उचलतो.
काडेपेटीएवढी प्रार्थना. मोठी सुचत नाही.
मग एकेक मोटर खाली घेऊन
तेलाचे दोन थेंब,
बोटाने पातं फिरवून बघतो.
शेजारचा मोबाईलवाला हसतो,
"काकाजी, गिऱ्हाईक कुठी हाय जी?"

काल आलं एक. पत्ता विचारायला.

तेल संपलं तेव्हा एस्तेरने
शिलाई मशीनची कुपी डब्यासोबत पाठवली.
म्हणाली, सारफथच्या त्या विधवेने
मडक्यात वाकून पीठ मोजलं नव्हतं.
मी मोजतो. वही माझ्या हातात आहे :
भाडं दोन महिन्यांचं थकलेलं,
गजूला अर्धा पगार,
त्याने न मोजताच खिशात घातला.

देवा, मार्च तुला दिसत असेल.
मला फक्त हा मंगळवार.
बाविसावी गंजलीय, हलत नाही.
तिच्यापाशी बसलोय.
अजून दोन थेंब.