जबड्यापाशी तुटलेलं धरत नाहीत

जळगाव एमआयडीसी, शेवटची गल्ली.
बाहेर पंचेचाळीस, आत तेवीस.
एसी माझ्यासाठी नाही, नमुन्यांसाठी आहे;
चाचणीआधी त्यांनी रात्रभर गार पडून राहायचं, असा नियम.
टेम्पोवाला अस्लम दारातूनच वाकतो :
"ताई, आम्हालेबी नमुना समज,
ठेव एक दिवस."

पाइपचं कडं दोन पाट्यांमध्ये दाबायचं
अर्धं होईपर्यंत. मग सोडायचं, आणि बघायचं
पुन्हा गोल व्हायची त्याला किती घाई आहे.
चटईची पट्टी ओढायची. फिल्मला सुई टोचायची.
चिकटपट्टी उलट्या बाजूने सोलत न्यायची सावकाश,
तिचा आलेख करवतीसारखा येतो :
चिकटलेलं एका दमात सुटत नाही.
वाकण्याला वेगळा रकाना, तुटण्याला वेगळा.

आणि त्याआधी शून्य.
पकडीचं स्वतःचं वजन वजा करून घ्यायचं,
नाहीतर धरणाऱ्याचा भार
धरलेल्याच्या नावावर चढतो.
हे मला वारके सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं,
मशीनबद्दल.

मंगळवारी चिनावलहून वेणूबाई भंगाळे आल्या.
पिशवीत केळीच्या वाखाचा दोर,
बचत गटाला ऑर्डर मिळायची होती,
त्यासाठी कागद हवा होता.
"दोर पक्का आहे हे मले ठावं. त्याहिले कागद लागतो."

पाच तुकडे कापले. पाच असतातच,
एकाच्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.
पहिला जबड्यात आवळला, बटण दाबलं.
वरचा दांडा चढू लागला, मिनिटाला पन्नास मिलिमीटर,
बैल पाणी पिऊन परत फिरतो त्या चालीने.
कट्.
पकडीपाशीच.

दुसराही तिथेच. तिसराही.
मी वहीत फुल्या मारल्या.
"काय लिहिलं?"
"धरत नाहीत मावशी. जबड्यापाशी तुटला
की तो दोराचा दोष नसतो, पकडीचा असतो."
बाई माझ्याकडे बघत राहिल्या,
जणू मी चाचणीबद्दल नाही,
त्यांच्या घरातल्या कुणाबद्दल बोलले होते.

मग उठल्या. चष्मा पुसला.
मशीनच्या पोलादी दातांवरून बोट फिरवलं.
"दात नको लावू त्याले, माय. गुंडाळ.
बैलाचं दावं खुंट्याले चावतं का?
दोन येढे दे, मग गाठ. येढेच धरता."

कपाटाच्या तळाशी होत्याच गोल खुंट्यांच्या पकडी,
कंपनीने मशीनबरोबर दिलेल्या,
सहा वर्षं प्लास्टिकच्या पिशवीत तशाच.
बसवल्या. पुन्हा शून्य केलं.
दोन वेढे त्यांनी स्वतः दिले,
अंगठ्याने दाबत, जिभेचं टोक दाताखाली धरून.

दांडा चढला. रेघ चढली.
दोराने आधी आळस दिला, मग पीळ आवळला,
एक-एक तंतू टिकटिकत सुटायला लागला,
तव्यावर तीळ उडावेत तसा.
अस्लम कधी आत येऊन उभा राहिला कळलं नाही.
दोर थांबला होता, रेघ चढतच होती.
मग मधोमध,
अगदी मधोमध.

"चारशे बारा न्यूटन."
"किलोत सांग ना वं."
"बेचाळीस."
त्यांनी हिशेब केला. "म्हणजे माही धाकली.
बारावीले आहे. एवढीशी."
आणि हसल्या, हसता हसता पदर तोंडाला लावला.

पाचवा चारशे पाचला गेला, तोही मधेच.
आणखी तीन कापावे लागले, संध्याकाळ झाली.
कागदावर सरासरी आली, शिक्का आला, माझी सही.
मधोमध तुटलेले पाकिटात घातले, नंबर टाकला :
ते महिनाभर जपायचे असतात.

"आणि हे?" त्यांनी टेबलावरचे पहिले तीन उचलले.
"ते धरलेले नाहीत."
"मंग मी नेते."

एका तुकड्याने पिशवीचं तोंड बांधलं,
दुसरा अस्लमला दिला, टेम्पोचं फाळकं वाजत होतं म्हणून.
तिसरा बोटाला गुंडाळत
उन्हात उतरल्या, सावद्याच्या गाडीकडे.